पाबळची उलटी शाळा

आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. गणितात कायम नापास, पण सरांची लुना बंद पडली की बोलावणं त्यालाच. दहावीत तो दोनदा गचकला आणि शाळेच्या लेखी विषय संपला. आजचा भाग करताना तोच डोळ्यासमोर आहे.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. भाग दुष्काळी. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे राहायला आले. अमेरिकेत पीएचडी केलेला, मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर असलेला माणूस. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम काढला. कोणासाठी? शाळा सुटलेल्या, नापास झालेल्या पोरांसाठी.

हाताने शिकायची कल्पना तशी जुनीच. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली होती, झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. पण पुढे बऱ्याच शाळांत टकळी फिरवायचा एक तास तेवढा उरला. माझं मत विचाराल तर, त्या सुताला गिऱ्हाईकच नव्हतं, मग पोरं मन लावून कशाला कातणार?

कलबागांनी नेमकं हेच उलटं केलं. गाव ज्याचे पैसे मोजेल, ते काम शिकायचं. वर्षभर आश्रमातच राहायचं. वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, घर-आरोग्य असे चार विभाग, आणि सगळीकडे खरी कामं. कुणाच्या गेटचं वेल्डिंग, कुणाच्या घराचं वायरिंग, विहीर कुठे खणावी म्हणून जमिनीखालच्या पाण्याची तपासणी. घुमटाच्या आकाराची घरं बांधली, ती ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखली गेली. जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टरसुद्धा झाला!

आता गंमत बघा. डोमच्या पट्ट्या कापताना एका लांबीत चूक झाली की सांगाडा जुळतच नाही. म्हणजे ज्या भूमितीने पोराला नापास केलं, तीच इथे त्याच्या हातात. फरक एवढाच, की इथे चूक झाली तर लाल शाईचा गोळा मिळत नाही, पट्टी पुन्हा कापावी लागते.

२००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने इथे फॅब लॅब आली. संगणकावर चालणारी यंत्रं पाबळमध्ये! एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ही एक. २००३ मध्ये कलबाग गेले. आश्रम चालू राहिला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आजही ‘मार्क कमी पडले, मग आयटीआयला टाकू’ असंच बोललं जातं. ‘टाकू’ म्हणे!

आमच्या त्या मित्राला पाबळचं नाव कुणी सांगितलंच नाही. आमच्या गावाहून एसटीने दीड तास लागायचा.