फ्लिंटस्टोनचे न्यायालय : ॲनिमेटेड मालिकांच्या भेटीगाठींचा इतिहास #थ्रेड

१/ २८ सप्टेंबर २०१४. अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर ‘फॅमिली गाय’चे तेरावे पर्व तासाभराच्या भागाने सुरू झाले. त्यात ग्रिफिन कुटुंब स्प्रिंगफील्डला जाऊन सिम्पसन कुटुंबाचे पाहुणे होते आणि पाहुणचाराचे पर्यवसान खटल्यात होते. पीटर ग्रिफिनच्या गावची बिअर ही होमरच्या लाडक्या ‘डफ’ बिअरची नक्कल आहे, असा आरोप असतो. न्यायासनावर बसलेला असतो फ्रेड फ्लिंटस्टोन. तो निकाल देतो : नक्कल झाली हे खरे; परंतु दोन्ही बिअर मुळात अश्मयुगातल्या त्याच्याच बिअरवरून उचललेल्या आहेत.

२/ या एका विनोदात ॲनिमेटेड सिटकॉमची सारी वंशावळ सामावलेली आहे. एका मालिकेतील पात्रे दुसऱ्या मालिकेत अवतरतात, तेव्हा त्या भागास ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. चाहत्यांना अशी भेट आपल्या इच्छेची पूर्ती वाटते. इतिहास काही वेगळेच सांगतो. कोणी कोणास भेटावे, हे प्रामुख्याने मालकी हक्कांनी आणि वाहिनीच्या वेळापत्रकाने ठरवले आहे.

३/ प्रारंभ ३० सप्टेंबर १९६०चा. हॅना-बार्बेरा या संस्थेची ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका एबीसी वाहिनीवर रात्रीच्या मुख्य वेळेत सुरू झाली. ती केवळ मुलांसाठी नव्हती. आरंभीच्या काळात तिची प्रायोजक चक्क विन्स्टन ही सिगारेट होती. नोकरी, शेजारी, नवरा-बायकोची कुरबुर हा कौटुंबिक विनोदी मालिकांचा ऐवज तिने अश्मयुगात नेला. १९६६पर्यंत तिचे १६६ भाग झाले.

४/ १९६२ साली याच संस्थेने तोच संसार भविष्यकाळात मांडला. ती मालिका ‘द जेट्सन्स’. या दोन कुटुंबांची भेट १९८७ साली दूरचित्रवाणीसाठी काढलेल्या चित्रपटात झाली. भूतकाळ आणि भविष्यकाळ एकत्र आणणे अवघड गेले नाही, कारण दोघांचा मालक एकच होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘द ट्रेसी उलमन शो’मध्ये सिम्पसन कुटुंबाच्या छोट्या चित्रफिती दिसू लागल्या. १७ डिसेंबर १९८९ रोजी त्यांची स्वतंत्र मालिका सुरू झाली.

५/ क्रॉसओव्हरच्या इतिहासातील सर्वांत बोलका दस्तऐवज मात्र ५ मार्च १९९५चा आहे. ‘द सिम्पसन्स’चे माजी सूत्रधार अल जीन आणि माइक रीस यांनी ‘द क्रिटिक’ ही मालिका निर्माण केली होती. एबीसीने तिला निरोप दिल्यावर ती फॉक्सवर आली. नव्या घरातील तिच्या पहिल्याच रात्री, तिच्या आधी दाखवल्या गेलेल्या ‘द सिम्पसन्स’च्या भागात तिचा नायक, चित्रपट-समीक्षक जे शर्मन, स्प्रिंगफील्डच्या चित्रपट महोत्सवाचा परीक्षक म्हणून हजर झाला.

६/ हा योगायोग नव्हे, हे लेखकांनीही लपवले नाही. त्या भागात टीव्हीवर फ्लिंटस्टोन्स आणि जेट्सन्स यांच्या भेटीची घोषणा होते, तेव्हा बार्ट असल्या स्वस्त भेटीगाठींना नाक मुरडतो आणि लगेच जे शर्मन घरात प्रवेश करतो. ‘द सिम्पसन्स’चे जनक मॅट ग्रोनिंग यांना मात्र हे हसण्यावारी नेता आले नाही. आपल्या निर्मितीचा उपयोग दुसऱ्या मालिकेच्या जाहिरातीसाठी होत आहे, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी त्या भागाच्या श्रेयनामावलीतून स्वतःचे नाव काढून घेतले.

७/ दोन्ही मालिकांचे निर्माते जेम्स एल. ब्रूक्स यांनी ग्रोनिंग यांना जाहीर प्रत्युत्तर दिले आणि घरातला वाद वृत्तपत्रांत पोहोचला. एवढे करून ‘द क्रिटिक’ तरली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात फॉक्सवरील तिचे प्रसारण संपले. दोन्ही वाहिन्यांवर मिळून तिचे २३ भाग झाले होते. पाहुण्याचे घर बुडाले, यजमानाच्या मनात मात्र अढी राहिली.

८/ प्रेक्षकांचे बळ दिसले ते दुसऱ्याच ठिकाणी. १९९९ साली सुरू झालेली सेथ मॅकफार्लेन यांची ‘फॅमिली गाय’ फॉक्सने २००२ मध्ये बंद केली. डीव्हीडींची प्रचंड विक्री आणि ‘ॲडल्ट स्विम’वरील पुनःप्रसारणाला मिळालेला प्रतिसाद पाहून २००५ साली तिला परत आणावे लागले. ‘फ्युचुरामा’ तर एकाहून अधिक वेळा संपली आणि पुन्हा उभी राहिली. मालिका जगवणे चाहत्यांना साधले. भेटी घडवणे मात्र मालकांच्याच हाती राहिले.

९/ या भेटी एका रात्रीच्या वेळापत्रकाशी किती घट्ट बांधलेल्या असत, याचे उत्तम उदाहरण म्हणजे २ ऑक्टोबर २०११. त्या रविवारी एकच चक्रीवादळ ‘द क्लीव्हलँड शो’, ‘फॅमिली गाय’ आणि ‘अमेरिकन डॅड’ या मॅकफार्लेन यांच्या तीन मालिकांतून क्रमाने फिरले. खरे तर हे भाग १ मे रोजीच दाखवायचे होते. एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागात आलेल्या चक्रवातांनी ३००हून अधिक बळी घेतले आणि वाहिनीने हा विनोद पुढे ढकलला.

१०/ २०१४च्या शरद ऋतूत दोन मोठ्या भेटी झाल्या. पहिली, वर सांगितलेली सप्टेंबरमधील ग्रिफिन-सिम्पसन भेट. २००२ साली ‘द सिम्पसन्स’ने होमरच्या बिघडलेल्या प्रतिकृतींच्या गर्दीत पीटर ग्रिफिनला उभे करून चिमटा काढला होता. त्या जुन्या आरोपाचाच खटला आता दोन्ही घरांच्या संमतीने चालला. दुसरी भेट ९ नोव्हेंबरची : ‘फ्युचुरामा’ची मंडळी भविष्यातून स्प्रिंगफील्डला आली. त्यांची स्वतःची मालिका त्याआधी वर्षभर बंद पडलेली होती.

११/ मालकीची ही रेषा मुंबईपर्यंत पोहोचते. रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पने १९९३ मध्ये स्टार समूहात बहुसंख्य हिस्सा घेतला; म्हणजे फॉक्स आणि स्टार एकाच छत्राखाली आले. २० मार्च २०१९ रोजी डिस्नेने ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्स’ विकत घेतली, तेव्हा त्या व्यवहारात स्टार इंडियाही होती. ३ एप्रिल २०२० रोजी हॉटस्टारच्या नावाआधी ‘डिस्ने प्लस’ लागले, त्यामागे हाच व्यवहार होता.

१२/ सारे काही एका ठिकाणी आले म्हणजे सारे जतन झाले, असे मात्र नव्हे. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी अमेरिकेत डिस्ने प्लस सुरू झाले, तेव्हा ‘द सिम्पसन्स’च्या जुन्या भागांच्या चौकटी रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापल्या होत्या. डफच्या कारखान्यातील एका दृश्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या बिअर एकाच नळातून येतात. कापलेल्या चौकटीत तो नळच दिसेना; विनोद नाहीसा झाला. चाहत्यांनी चुका दाखवून दिल्या आणि मे २०२० मध्ये मूळ चौकट परत मिळाली.

१३/ क्रॉसओव्हरची हानी याहून सूक्ष्म आहे. स्ट्रीमिंगवर प्रत्येक भाग एकाच मालिकेच्या नावाखाली नोंदला जातो. ‘द सिम्पसन्स’ पहिल्यापासून क्रमाने पाहणाऱ्यास ग्रिफिन कुटुंबाची भेट लागणारच नाही. ती ‘फॅमिली गाय’च्या तेराव्या पर्वात आहे. ‘फ्युचुरामा’ पाहणाऱ्यास स्प्रिंगफील्डची सफर दिसणार नाही; ती ‘द सिम्पसन्स’च्या सव्विसाव्या पर्वात आहे. २०११चे वादळ तर तीन मालिकांत विखुरले आहे. ज्या रविवारच्या रात्री ते अखंड होते, ती रात्र कोणत्याही सूचीत नाही.

१४/ म्हणूनच ‘आधी हे पाहा, मग ते पाहा’ अशा चाहत्यांच्या याद्यांना अभिलेखाचे मोल आहे. तशी यादी करायची झाल्यास : आधी १९८७चा चित्रपट, मग ५ मार्च १९९५चा भाग आणि त्यालगत ‘द क्रिटिक’चा फॉक्सवरील पहिला भाग, त्यानंतर वादळाचे तीन भाग प्रसारणाच्या क्रमाने, आणि शेवटी २०१४च्या दोन भेटी. या क्रमाने पाहिल्यास फ्लिंटस्टोनच्या निकालाचा अर्थ उलगडतो.

१५/ १९९५चा भाग पाहताना एक पथ्य पाळावे. शीर्षकगीत वगळण्याचे बटण दाबू नये आणि पुढचा भाग आपोआप सुरू होऊ लागला, तर त्यास थांबवावे. श्रेयनामावली अखेरपर्यंत वाचावी. मॅट ग्रोनिंग हे नाव तेथे आढळणार नाही. त्या भागाचा सर्वांत मोठा ऐतिहासिक पुरावा त्या रिकाम्या जागेत आहे.