सामान्य कुटुंबाची पहिली शिडाची होडी : ब्रिटनमधील ‘मिरर’ डिंगीचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :

सागरी इतिहासाच्या अभ्यासात आरमारे, व्यापारी जहाजे, बंदरे आणि सागरी सत्तासंघर्ष यांना साहजिकच अग्रस्थान मिळाले आहे. तुलनेने दहा-पंधरा फूट लांबीच्या, केवळ विरंगुळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शिडाच्या होड्यांकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. वास्तविक दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये वेतन, सुटी, घर, मोटार आणि कौटुंबिक जीवन यांत जे बदल घडले, त्यांचे प्रतिबिंब या लहान होड्यांच्या रचनेत स्पष्टपणे उमटलेले दिसते. पूर्वी नौकानयनाचा कोणताही अनुभव नसलेल्या कुटुंबाने आपली पहिली होडी कोणत्या निकषांवर निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडासाहित्याच्या खरेदीचा वाटतो. तथापि, असा प्रश्न विचारणारे कुटुंब इतिहासात केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत निर्माण झाले, हा खरा सामाजिक इतिहासाचा विषय आहे. प्रस्तुत निबंधात १९६३ मध्ये लंडनच्या बोट शोमध्ये सादर झालेल्या ‘मिरर’ या डिंगीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. महायुद्धोत्तर ब्रिटनमध्ये लहान शिडाची होडी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येण्याची कारणे शोधणे.
२. नवशिक्या कुटुंबाच्या गरजा होडीच्या रचनेत कशा उतरल्या, याचे विश्लेषण करणे.
३. या प्रक्रियेला ‘नौकानयनाचे लोकशाहीकरण’ म्हणणे कितपत योग्य ठरते, हे तपासणे.

पार्श्वभूमी : अभिजनांचा छंद

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील यॉटिंग हा सरदार, कारखानदार व उच्चपदस्थ अधिकारी यांचा छंद होता. यॉट बाळगणे म्हणजे पगारी खलाशी बाळगणे, असाच त्याचा अर्थ होता. ब्रिटिश साम्राज्याबरोबर ही परंपरा भारतातही आली. १८४६ मध्ये स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब हे तिचे मुंबईतील ठळक उदाहरण होय. मालकाने स्वतःच्या हाताने चालवावयाच्या लहान उघड्या होडीला, म्हणजेच डिंगीला, प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. १९२८ मधील ‘अ‍ॅव्हेंजर’ या होडीच्या यशामुळे उफा फॉक्स या रचनाकाराने पाण्यावर तरंगण्यापेक्षा पाण्यावरून घसरत जाणाऱ्या वेगवान डिंगीचे पर्व सुरू केले. परंतु या होड्या कुशल कारागिरांनी बांधलेल्या, महाग आणि शर्यतीसाठी घडवलेल्या होत्या. नवशिक्या कुटुंबाच्या गरजा त्यांच्या रचनेत कोठेही गृहीत धरलेल्या नव्हत्या.

याच सुमारास आर्थर रॅन्सम यांच्या ‘स्वॉलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’ (१९३०) या बालकादंबरीने मुलांनी स्वतः होडी चालवण्याची कल्पना मध्यमवर्गीय वाचकांच्या मनात रुजवली. म्हणजे इच्छा निर्माण झाली होती. साधन मात्र उपलब्ध नव्हते.

युद्धाने दिलेली दोन साधने

हे साधन अप्रत्यक्षपणे महायुद्धाने उपलब्ध करून दिले. युद्धकाळात लाकडी विमानांच्या बांधणीमुळे, विशेषतः ‘मॉस्किटो’ या विमानामुळे, प्लायवूड आणि पाण्याला दाद न देणारे कृत्रिम गोंद यांच्या तंत्रात मोठी प्रगती झाली. या तंत्राचे युद्धोत्तर काळात दोन वेगळे वापर झाले, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांतील भेद महत्त्वाचा आहे.

पहिला वापर कारखान्याचा. विमानबांधणीशी संबंधित असलेल्या फेअरी कंपनीच्या नौकाविभागाने लाकडाचे पातळ थर साच्यावर उष्णता व दाब देऊन जोडण्याची पद्धत अवलंबिली आणि १९४६ मध्ये उफा फॉक्स यांच्या आराखड्यावरून ‘फायरफ्लाय’ ही डिंगी बाजारात आणली. १९४८ च्या ऑलिम्पिक स्पर्धांत हीच होडी एकहाती शर्यतीसाठी वापरली गेली. होडी उत्तम होती. पण ती बांधण्यास मोठी भट्टी व भांडवल आवश्यक होते.

दुसरा वापर घरगुती होता आणि त्याचे प्रमुख श्रेय जॅक होल्ट (१९१२-१९९५) या रचनाकाराकडे जाते. वाकलेल्या, गोलाईदार बाजूंऐवजी प्लायवूडचे सपाट तक्ते कोनात जोडले, तर सुतारकामाची साधारण जाण असलेला माणूसही होडी बांधू शकेल, हे होल्ट यांनी ओळखले. १९४७ मध्ये ‘यॉटिंग वर्ल्ड’ या मासिकासाठी त्यांनी मुलांकरिता ‘कॅडेट’ ही होडी तयार केली. १९४९ मध्ये त्यांची १४ फुटी ‘जीपी १४’ आली. तिच्या नावातील दोन अक्षरांचा अर्थच ‘सर्वसाधारण उपयोगाची’ असा आहे. शर्यत, सहल, वल्हवणे या सर्वांसाठी एकच होडी, ही कल्पना कुटुंबाच्या गरजेशी थेट जुळणारी होती.

१९५६ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या पुरस्काराने होल्ट यांची निळ्या शिडांची ‘एंटरप्राइज’ अवतरली. तिच्या प्रसिद्धीसाठी त्या वर्षीच्या जानेवारीत दोन एंटरप्राइज होड्यांनी रात्रीच्या वेळी इंग्लिश खाडी ओलांडली. १९६० मध्ये हे वृत्तपत्र बंद पडले. होडी मात्र टिकली. वृत्तपत्राने होडीचा पुरस्कार करण्याची प्रथा येथून रूढ झाली, असे म्हणता येते.

‘मिरर’ची निर्मिती

१९६० च्या आसपासचा ब्रिटिश कामगार व कनिष्ठ मध्यमवर्ग युद्धपूर्व काळापेक्षा अनेक अर्थांनी वेगळा होता. पगारी सुटीचे तत्त्व १९३८ च्या कायद्याने मान्य झाले होते, पाच दिवसांचा आठवडा सर्वत्र रुळला होता आणि लहान मोटार अनेक कुटुंबांच्या दारात उभी राहू लागली होती. घरातील दुरुस्त्या स्वतः करण्याची लाट आली होती आणि बीबीसीवरील बॅरी बकनेल हे तिचे सर्वांत परिचित प्रवक्ते होते. ‘डेली मिरर’ या कामगारवर्गात सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या दैनिकाने होडीचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा बकनेल यांचे बांधणीचे तंत्र आणि होल्ट यांचे नौकारचनेचे ज्ञान एकत्र आले.

बकनेल यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात होडीचा सांगाडा आधी उभारावा लागत नसे. आधीच कापून दिलेल्या प्लायवूडच्या तक्त्यांच्या कडांना भोके पाडून ते तांब्याच्या तारेने अक्षरशः शिवले जात. होडीचा आकार आला की सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी व रेझीन चढवले जाई. ते सुकून कठीण झाले की सांधा पक्का होई. कपडे बेतण्या-शिवण्याशी या कृतीचे साम्य आहे. कसबी सुताराची जागा येथे सूचनापुस्तिका वाचू शकणाऱ्या गृहस्थाने घेतली. संचाची आरंभीची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग होती. त्या काळी ब्रिटनमधील पुरुष कामगाराची ही सरासरी चार आठवड्यांच्या आसपासची कमाई होय. रक्कम किरकोळ नव्हती. परंतु वर्षभर बचत करणाऱ्या कुटुंबाला ती अशक्यही नव्हती.

निवडीचे निकष आणि रचना

नवशिक्या कुटुंबाच्या प्रत्येक अडचणीला ‘मिरर’च्या रचनेत एक उत्तर सापडते. म्हणून ही रचना एखाद्या दस्तऐवजाप्रमाणे वाचता येते.

पहिली अडचण जागेची. ‘मिरर’ची लांबी १० फूट १० इंच आहे. पुढचे टोक निमुळते न ठेवता आखूड व सपाट ठेवल्यामुळे कमी लांबीत अधिक माणसे सामावतात. मोटारीच्या गॅरेजमध्ये बांधता येईल व तेथेच ठेवता येईल, असे हे माप आहे.

दुसरी अडचण वाहतुकीची. तिचे सांगाड्याचे वजन सुमारे ४५ किलो, म्हणजे दोन प्रौढ व्यक्ती ती उचलून मोटारीच्या टपावर ठेवू शकतात. तुलनेसाठी इयान प्रॉक्टर यांची १९५७ मधील ‘वेफेअरर’ पाहावी. सुमारे १६ फुटांची ही होडी इतकी समर्थ की, फ्रँक डाय यांनी १९६३ मध्ये तिच्यातून स्कॉटलंडहून आइसलंड गाठले. परंतु तिचे वजन ‘मिरर’च्या तिपटीहून अधिक आहे. तिला ओढगाडी लागते, ओढगाडीला उतार असलेला धक्का लागतो आणि या सर्वांना पैसा व अनुभव लागतो. ‘अधिक समर्थ होडी’ ही नवशिक्यासाठी ‘अधिक योग्य होडी’ असतेच असे नाही, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

तिसरी अडचण डोलकाठीची. उंच डोलकाठी मोटारीवर नेणे गैरसोयीचे असते. ‘मिरर’मध्ये आखूड डोलकाठी व तिच्या वर चढवला जाणारा दुसरा दांडा अशी जुनी पद्धत मुद्दाम स्वीकारली आहे. त्यामुळे सर्व दांडे होडीच्या लांबीतच मावतात. शर्यतीच्या दृष्टीने कालबाह्य ठरलेली ही पद्धत कौटुंबिक सोयीसाठी पुन्हा उपयोगात आली, ही बाब लक्षणीय आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास सरळ रेषेत पुढे जात नाही, याचे हे एक लहान पण बोलके उदाहरण म्हणता येईल.

चौथी आणि सर्वांत गंभीर अडचण सुरक्षिततेची. नवशिक्याची होडी केव्हा ना केव्हा उलटणार, हे गृहीत धरूनच ‘मिरर’च्या अंगात हवाबंद कप्पे बांधलेले आहेत. उलटलेली होडी बुडत नाही. ती सरळ करून, पाणी उपसून पुन्हा चालवता येते. चूक करण्याची मुभा देणारी होडी म्हणजेच शिकण्याची होडी, हे तत्त्व येथे रचनेचा भाग बनले. लहान शीड, वल्ही मारण्याची सोय आणि मागे छोटे इंजिन लावण्याची शक्यता यांचाही हेतू तोच होता. वारा पडला किंवा वाढला, तरी कुटुंब किनाऱ्यावर परत आले पाहिजे.

एकट्या मुलाची होडी की कुटुंबाची?

या संदर्भात अमेरिकेतील ‘ऑप्टिमिस्ट’ या होडीशी तुलना उपयुक्त ठरते. १९४७ मध्ये फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे क्लार्क मिल्स यांनी ती तयार केली. प्लायवूड, सपाट पुढचे टोक, अल्प खर्च ही वैशिष्ट्ये दोन्हींत समान आहेत. परंतु ‘ऑप्टिमिस्ट’मध्ये एकटे मूल बसते आणि पालक काठावर उभे राहतात. ‘मिरर’मध्ये पालक व मूल एकत्र बसतात, एकाच्या हाती सुकाणू, दुसऱ्याच्या हाती पुढच्या शिडाचा दोर. पहिल्या होडीने क्रीडाप्रशिक्षणाची जागतिक परंपरा घडवली, तर दुसरीने कौटुंबिक सहजीवनाची एक रीत. दोन्ही होड्या आजही वापरात आहेत. मात्र ‘पहिली होडी’ या शब्दांचा अर्थ दोन्हींत भिन्न आहे.

‘लोकशाहीकरणा’ची मर्यादा

आजवर ७० हजारांहून अधिक ‘मिरर’ होड्या बांधल्या गेल्या. लाल शिडावरील अनुक्रमांकामुळे ही संख्या मोजता येते, ही इतिहासलेखनाच्या दृष्टीने दुर्मिळ सोय होय. तथापि, या संख्येवरून थेट निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. विकलेली होडी म्हणजे नियमित वापरलेली होडी नव्हे. होडी स्वस्त झाली, तरी पाणी स्वस्त झाले असे नाही. जलाशय व रेती-खडीच्या जुन्या खाणींत साचलेले तलाव येथे त्या काळी नवे क्लब निघाले, ही गोष्ट खरी. पण क्लबचे सभासदत्व, मोटार आणि गॅरेज या तीन गोष्टी गृहीत धरल्यावरच ‘सामान्य कुटुंबाची होडी’ शक्य होत होती. ज्यांच्याकडे या तिन्ही गोष्टी नव्हत्या, ते या कथेच्या बाहेरच राहिले. शिवाय वृत्तपत्राचा हेतूही निव्वळ परोपकाराचा नव्हता. होडीचे नाव आणि शिडाचा लाल रंग ही त्या दैनिकाची फिरती जाहिरातच होती. म्हणून ‘लोकशाहीकरण’ या शब्दाऐवजी ‘प्रवेशद्वाराचे रुंदीकरण’ असा मर्यादित शब्दप्रयोग अधिक अचूक वाटतो.

भारतीय अनुभव ही मर्यादा अधिक स्पष्ट करतो. होल्ट यांची ‘एंटरप्राइज’ भारतात आली व रुजली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयन मुंबईत झाले, तेव्हा स्पर्धेच्या चार प्रकारांत तिचा समावेश होता. परंतु येथे तिचा प्रसार मुख्यतः सेनादले व क्लब यांच्याद्वारे झाला; घरी बांधलेल्या कौटुंबिक होडीची लाट आली नाही. कोकण किनाऱ्यावर शिडाची होडी शतकानुशतके होती, पण ती उपजीविकेचे साधन म्हणून. आराखडा समुद्र ओलांडू शकतो. त्यामागील वेतन, सुटी व निवास यांची रचना त्याच्याबरोबर येत नाही.

निष्कर्ष :

१. नवशिक्या कुटुंबाची ‘पहिली होडी’ ही संकल्पना महायुद्धोत्तर भौतिक परिस्थितीतून आकाराला आली. प्लायवूड, कृत्रिम गोंद, मोटार आणि पगारी सुटी हे तिचे आधार होत.

२. ‘मिरर’चे यश वेगात नव्हते. किंमत, वजन, साठवण आणि चूक सहन करण्याची क्षमता या चार निकषांचा तिने साधलेला मेळ निर्णायक ठरला.

३. फायबरग्लास व नंतर साच्यातील प्लास्टिकच्या होड्यांमुळे घरी होडी बांधण्याची प्रथा पुढे ओसरली. ‘होडी विकत घेणे’ आणि ‘होडी घडवणे’ या एकेकाळी एकत्र असलेल्या कृती त्यामुळे विभक्त झाल्या आणि नवशिक्याला बांधणीतून मिळणारे होडीचे ज्ञानही ओसरले.

४. या होडीने नौकानयनाचे दार रुंद केले, सर्वांसाठी उघडले नाही. दारापर्यंत कोण पोहोचू शकत होते, याचा शोध स्थानिक क्लबांच्या सभासद-नोंदी व मौखिक इतिहास यांच्या आधारे घेणे हे पुढील संशोधनाचे क्षेत्र ठरावे.