पटकथा तिसाव्या पानावर का अडते? दोन तासांच्या सिनेमाचा आराखडा असा आखतात

सिनेमाची भन्नाट कल्पना सुचते. पहिले १० सीन दोन रात्रींत लिहून होतात. पात्रं बोलायला लागतात, संवाद जमतात, मित्रांना वाचून दाखवले तर तेही खूश होतात. मग पंचविसाव्या-तिसाव्या पानाच्या आसपास लिखाण थांबतं. 'फायनल ड्राफ्ट' नावाची ती फाईल पुढे कित्येक महिने उघडली जात नाही.

पहिल्यांदा पटकथा लिहिणाऱ्या अनेकांचं असं होतं आणि दरवेळी त्यात प्रतिभेचा दोष असतोच असं नाही. शॉर्ट फिल्म एका प्रसंगावर किंवा शेवटच्या एका धक्क्यावर उभी राहू शकते. दोन तासांच्या सिनेमाला तेवढं पुरत नाही. कल्पना आणि शेवट यांच्या मधला तासाभराचा रस्ता आधी आखावा लागतो. या आखणीला कथेची रचना किंवा सरळ 'स्ट्रक्चर' म्हणतात.

ती नेमकी करायची कशी?

३०-६०-३० चा हिशोब

कथेला सुरुवात, मध्य आणि शेवट हवा, हा विचार ॲरिस्टॉटलच्या 'पोएटिक्स'इतका जुना आहे. सिनेमासाठी त्याचं सोपं कोष्टक लोकप्रिय केलं ते अमेरिकन पटकथा-शिक्षक सिड फील्ड यांनी. १९७९ साली आलेल्या 'स्क्रीनप्ले' या पुस्तकात त्यांनी १२० पानांची पटकथा तीन अंकांत विभागली. पहिली ३० पानं मांडणीची, मधली ६० संघर्षाची आणि शेवटची ३० उकल करणारी. पहिला अंक संपताना एक मोठं वळण, दुसरा संपताना दुसरं.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा यामागचा ठोकताळा आहे. पण तो इंग्रजी पटकथेच्या ठरावीक फॉन्टवर आणि मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीत फॉन्ट बदलला की पानंही बदलतात. त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याने पानं मोजण्यापेक्षा प्रत्येक सीन किती मिनिटांचा होईल याचा अंदाज बाजूला लिहून ठेवावा. हिशोब जास्त खरा निघतो.

आणि हा हिशोब म्हणजे रचना नव्हे. तिसाव्या मिनिटाला काहीतरी घडवलं म्हणजे वळण आलं, असा समज इथे खूप जणांचा होतो. मोटारसायकलचा अपघात झाला, फोन आला, पाऊस आला, ही सगळी घटनांची यादी झाली. ज्या घटनेनंतर मुख्य पात्राला पूर्वीच्या आयुष्यात परत जाता येत नाही, ती घटना म्हणजे वळण.

'श्वास'मध्ये हे कसं दिसतं?

(सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या. पुढे शेवटापर्यंतची गोष्ट सांगितली आहे.)

संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' २००४ साली आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करला तोच गेला. गोष्ट एका ओळीची आहे: कोकणातले आजोबा नातवाच्या डोळ्यांवर उपचार करायला त्याला शहरात आणतात.

सुरुवातीला आजोबांची इच्छा साधी आहे. परशाचे डोळे बरे व्हावेत. डॉक्टर निदान करतात तेव्हा कळतं की हा डोळ्यांचा कॅन्सर आहे. मुलगा वाचेल, पण दृष्टी जाईल. हे पहिलं मोठं वळण. जी इच्छा घेऊन आजोबा आले होते तीच आता अशक्य झाली, त्यामुळे इथून पुढे सिनेमाचा प्रश्न बदलतो. 'डोळे बरे होतील का?' हा प्रश्न संपतो आणि 'एवढ्याशा पोराला हे सांगायचं कसं?' हा सुरू होतो.

दुसरा अंक या नव्या प्रश्नावर चालतो. दुसरं मत घेणं, संमती देणं, मुलाची भीती, हॉस्पिटलमधली माणसं. मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून गायब होतात. गोंधळ उडतो, डॉक्टर संतापतात. आजोबांनी मात्र त्याला शहर दाखवायला नेलेलं असतं. अंधार होण्याआधी त्याने जग डोळे भरून पाहावं म्हणून.

या जागी खलनायक कोणी नाही. पाठलाग नाही, कुणी कुणाला धमकी देत नाही. तरी प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर येतो, कारण पूर्ण सिनेमाभर दुसऱ्यांचे निर्णय ऐकणारा एक म्हातारा माणूस पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर काहीतरी ठरवतो. त्याची पायरी एकेक करून आधी चढवलेली आहे. हाच प्रसंग विसाव्या मिनिटाला आला असता, तर तो नुसता बेजबाबदारपणा वाटला असता.

अडचण नेहमी मधल्या तासाची

सुरुवात लिहिताना कल्पनेचा जोर असतो. शेवट बहुतेकांच्या डोक्यात आधीपासून असतो. मधली ६० मिनिटं मात्र कुणालाच सुचलेली नसतात. त्यामुळे मग एकाच प्रकारची अडचण तीनदा येते, गाणं येतं, नायकाचा मित्र विनोद करतो, आणि गोष्ट जागच्या जागी फिरत राहते.

एक उदाहरण घेऊ. समजा कल्पना अशी आहे: डोंगरातल्या एका गावाला येणारी एसटी, भारमान कमी म्हणून बंद होणार आहे.

ही बातमी आहे, गोष्ट नाही. पहिला प्रश्न: गाडी बंद झाल्याने सगळ्यात जास्त कुणाचं बिघडतं? समजा, दहावीतल्या मुलीचं. ती याच गाडीने तालुक्याच्या शाळेत जाते. दुसरा प्रश्न: गाडी बंद झाल्याने कुणाचं भलं होतं? वडापच्या जीपवाल्याचं. आता तो जीपवाला तिचा बापच असला तर?

इथे गोष्ट सुरू झाली. अर्थात प्रेक्षक लगेच विचारणार, मग पोरगी बापाच्या जीपनेच का जात नाही? त्याचं उत्तर आराखड्यातच हवं. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, शाळेची पहिली घंटा रोज चुकेल, आणि बापाच्या दृष्टीने तिची सीट म्हणजे एक भाडं कमी. असे प्रश्न ८०व्या पानावर सुचले तर सगळं पाडून पुन्हा बांधावं लागतं. आराखड्यात सुचले तर एक ओळ खोडावी लागते.

आता वळणं लावून पाहू. आगारातून नोटीस येते, हा धक्का. मुलगी आगारप्रमुखांना भेटून शब्द देते की महिनाभर गाडी भरून दाखवते, हा पहिल्या अंकाचा शेवट. शब्द देऊन झाला, आता मागे फिरता येत नाही. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या अर्ध्या भागात ती घरोघर जाते. दूधवाले, बाजाराच्या बायका, दवाखान्यात जाणारे म्हातारे, सगळ्यांना गाडीत बसवते. हा भाग लिहायला मजा येईल, कदाचित थोडी जास्तच.

बरोबर मध्यावर गाडी पहिल्यांदा खचाखच भरते. त्याच दिवशी बापाची जीप रिकामी परत येते.

मध्यबिंदूचं काम हेच. तोवर जी जिंकण्याची गोष्ट वाटत होती, तिची किंमत कोण मोजतंय हे तिथे दिसतं. यापुढची प्रत्येक भरलेली फेरी म्हणजे घरातला एक रिकामा दिवस. जीपचे हप्ते थकतात. आई बोलणं टाकते. मग भारमान थोडं कमी पडतं आणि आगारप्रमुख एक वाट सुचवतात: अवैध वाहतुकीबद्दल लेखी तक्रार द्या, नावानिशी. दुसरा अंक इथे संपतो. मुलीच्या हातात कोरा कागद आहे आणि पहिलं नाव कुणाचं लिहायचं हे तिला माहीत आहे.

शेवट काय करायचा? सोपा मार्ग असा की बापाला उपरती होते आणि तो स्वतःच आपले प्रवासी एसटीत बसवतो. टाळ्या पडतील, पण निर्णय बापाने घेतला आणि मुलगी स्वतःच्याच सिनेमात प्रेक्षक झाली. तिने तक्रार लिहिली किंवा कागद फाडून दप्तर कपाटात ठेवलं, तर दोन्ही शेवट चालतील. कारण ते तिचे आहेत.

आठ तुकडे आणि भिंतीवरची कार्डं

एवढं ठरल्यावर लगेच सीन लिहायला बसू नये. मधला तास आणखी लहान तुकड्यांत पाडण्याची एक चांगली पद्धत आहे. मूळचे चेकोस्लोव्हाकियातले आणि नंतर अमेरिकेत शिकवणारे फ्रँक डॅनियल सिनेमाचे आठ भाग करायला सांगत. प्रत्येक भाग १० ते १५ मिनिटांचा. याचं मूळ रिळांच्या काळात आहे. ३५ मिलिमीटरचं हजार फुटांचं एक रीळ साधारण ११ मिनिटं चालायचं, आणि सुरुवातीच्या काळातले लेखक त्या मापात विचार करत.

पहिल्या अंकाचे दोन, मधल्याचे चार, शेवटच्याचे दोन. प्रत्येक भागाला स्वतःची छोटी गोष्ट असते: पात्राला आत्ता काय हवंय, काय आडवं येतंय, शेवटी परिस्थिती कशी बदलली. ६० मिनिटं भरायची म्हटलं की धडकी भरते. १५ मिनिटांची एक गोष्ट मात्र शॉर्ट फिल्म केलेल्या कुणालाही जमते.

मग कार्डं. एका कार्डावर एक सीन, एकच ओळ. दोन तासांच्या सिनेमाला साधारण ४० ते ६० कार्डं होतात. भिंतीवर किंवा जमिनीवर लावून दोन कार्डांच्या मध्ये कोणता शब्द बसतो ते पाहायचं. 'म्हणून' किंवा 'पण' बसत असेल तर गोष्ट पुढे जातेय. 'आणि मग' बसत असेल तर दोन्ही सीन नुसते शेजारी उभे आहेत. सलग चार-पाच ठिकाणी 'आणि मग' आलं, तर लिखाण अडणार ती जागा सापडली म्हणून समजा.

मध्यंतर: आपल्याकडची जादा जागा

हॉलिवूडच्या पुस्तकांत नसलेली एक गोष्ट मराठी लेखकाला सांभाळावी लागते. प्रेक्षक मध्येच उठून वडापाव खायला जातो. त्यामुळे मध्यबिंदू आपल्याकडे अक्षरशः दिवे लागण्याची जागा आहे, आणि तिथे सोडलेला प्रश्न प्रेक्षकाला परत खुर्चीत आणायला पुरेसा असावा लागतो.

नागराज मंजुळेंच्या 'सैराट'ने (२०१६) या जागेचा फार धाडसी वापर केला. पूर्वार्धात विहीर, शेतं, क्रिकेट आणि चारही गाणी. उत्तरार्धात हैदराबादची झोपडी, भाषा न कळणारं शहर, पैशांवरून भांडणं. गाणी नाहीतच. पळून जाणं हा एरवीच्या प्रेमकथेचा शेवट असतो, इथे तो मध्यावर आला. पहिल्या अर्ध्या भागाने दिलेली सवय दुसऱ्याने मोडली, म्हणून शेवटची शांतता अंगावर येते.

भरतमुनींचे पाच संधी

हे सगळं पाश्चात्त्य आहे, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. पण कथानक कुठे जोडायचं याचा बारीक विचार नाट्यशास्त्रातही आहे. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी तिथे सांगितले आहेत. मुखात बीज पेरलं जातं, प्रतिमुखात ते कधी दिसतं कधी लपतं. गर्भात हवं ते हाती येतं, निसटतं आणि त्याचा पुन्हा शोध सुरू होतो. विमर्शात मोठा अडथळा येतो, निर्वहणात सगळे धागे एकत्र येतात. एसटीच्या गोष्टीत भरलेली गाडी आणि रिकामी जीप ही गर्भातली जागा आहे, कोरा कागद ही विमर्शातली. तीन अंकांच्या कोष्टकात 'मधला भाग' म्हणून जो ढीग पडतो, त्याला इथे तीन वेगळी नावं आहेत. मधल्या तासात अडकलेल्याने ही पाच नावं कार्डांवर लिहून पाहायला हरकत नाही.

कोष्टक मोडायचं असेल तर

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) यातलं जवळपास काहीच नाही. लोकशाहीर नारायण कांबळेंवर खटला चालतो, पण सिनेमा त्यांच्या मागे धावत नाही. तो बचावाच्या वकिलासोबत त्याच्या घरी जातो, सरकारी वकील बाईंसोबत त्यांच्या घरी. वळणावर काही उलगडत नाही, फक्त पुढची तारीख पडते.

तरीही सिनेमा विस्कळीत वाटत नाही, कारण त्याचा मुख्य नायक माणूस नसून ती व्यवस्था आहे आणि प्रत्येक सीन तिच्याबद्दल काहीतरी नवं सांगतो. 'नंतर काय होईल' या प्रश्नाच्या जागी ताम्हाणेंनी 'हे असंच किती काळ चालेल' हा प्रश्न ठेवला. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. सिनेमा संपला असं वाटतं. आणि मग सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात, बाकावर डुलकी घेणारे.