विमानाचा बहात्तरावा हिस्सा

पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर पूर्वी गुरे चरत आणि काजूची झाडे डोलत. त्याच पठारावर ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. पेडण्याच्या आणि शेजारच्या डिचोलीच्या मुलांना विमान ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. परंतु नवल ओसरले म्हणजे ज्ञान झाले असे होत नाही. विमानाचा पंख मुळाशी जाड व टोकाशी पातळ का असतो, शेपटीला आडवा पंख कशासाठी लागतो, ह्या प्रश्नांची उत्तरे नुसते वर पाहून मिळत नाहीत. ती बहुधा हाताने काही घडविताना मिळतात. विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करण्याचा जो छंद जगभर प्रसिद्ध आहे, त्याचे खरे मोल येथेच आहे. ह्या छंदाचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की, मोठ्या विमानाचा जन्मच मुळी लहान विमानाच्या पोटी झाला. आणि जेथे लहान विमान चोख मोजून घडविले गेले, तेथेच मोठे विमान आकाशात गेले.

प्रथम प्रमाण म्हणजे काय ते पाहू. जमिनीच्या नकाशावर शेताचा बांध एका रेषेएवढा होतो. पण नकाशा चोख असेल तर त्या रेषेवरून खऱ्या बांधाची लांबी काढता येते. प्रतिकृतीचेही तसेच आहे. खेळण्यातील विमान विमानासारखे दिसले की पुरे. प्रतिकृतीच्या प्रत्येक अंगावर पट्टी ठेवता आली पाहिजे आणि आलेल्या आकड्याला ठराविक संख्येने गुणले असता मूळ विमानाचे माप निघाले पाहिजे. ह्या छंदात १ : ७२ हे प्रमाण विशेष रूढ आहे. त्यात सहा फुटांचा एक इंच होतो, म्हणजे सहा फुटी माणूस एका इंचाचा होतो. इंग्लंडमध्ये १९३२ साली ‘स्कायबर्ड्स’ नावाचे लाकडी संच निघाले, तेव्हापासून हे प्रमाण लोकप्रिय झाले. १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ ह्या नावाने प्लॅस्टिकचे संच आले, आणि १९५३ साली ‘एअरफिक्स’ कंपनीने आपला पहिला विमानसंच बाजारात आणला. तेव्हापासून थोड्या पैशांत घरोघरी विमाने तयार होऊ लागली.

ह्या प्रमाणाचा हिशेब मोठा कठोर आहे. प्रतिकृतीत एक मिलिमीटराची चूक झाली तर ती मूळ विमानात सात सेंटिमीटरांहून अधिक ठरते. रंगाचा थर केवळ एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तरी खऱ्या विमानावर सात मिलिमीटर जाडीचा गिलावा केल्यासारखे होते. म्हणून जाणते कारागीर रंग पातळ करतात, एक हात वाळल्यावाचून दुसरा देत नाहीत. सुटे भाग चौकटीपासून धारदार सुरीने वेगळे करावयाचे, त्यांची कड पॉलिश कागदाने घासावयाची, सरस न लावता ते एकमेकांत बसवून पाहावयाचे, आणि दोन्ही पंख सारखेच उचललेले आहेत ना ते समोरून पाहून मगच चिकटवावयाचे. एवढे झाल्यावर रात्रभर हात लावावयाचा नाही. नवशिक्याला हे थांबणेच सर्वांत जड जाते. सरस ओला असता उचललेला पंख एकदा कलला की शेवटपर्यंत कललेलाच राहतो.

हा काटेकोरपणा छंदाच्या जगात जन्मलेला नाही. तो विमानविद्येच्या प्रयोगशाळेतून आलेला आहे. इंग्लंडात जॉर्ज केली ह्यांनी १८०४ साली काठीवर पंख व हलती शेपटी बसवून एक लहान तरंगते यान केले. फ्रान्समध्ये आल्फोन्स पेनो ह्यांनी १८७१ साली रबराच्या पिळावर पंखा फिरविणारे छोटे विमान पॅरिसच्या बागेत अकरा सेकंद उडविले. शेपटीचा कोन नेमका ठेवल्यामुळे ते न कोलमडता सरळ गेले. पुढे १८७८ साली अमेरिकेत मिल्टन राईट नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी, पेनोंच्याच कल्पनेवर बेतलेले, बूच, बांबू व कागद ह्यांचे एक उडते खेळणे आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल. खेळणे मोडले तेव्हा त्यांनी तसेच दुसरे केले, मग आणखी मोठे केले. आणि त्यांना आढळले की जितके मोठे करावे तितके ते कमी उडते.

त्या कोड्याचे उत्तर गणितात होते. लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो. पण वजन आठपट होते. १ : ७२ ह्या प्रमाणात हाच हिशेब मांडला तर प्रतिकृतीच्या पंखाचे क्षेत्रफळ मूळ पंखाच्या ५,१८४ वा हिस्सा आणि आकारमान ३,७३,२४८ वा हिस्सा होते. म्हणून लहान वस्तू फुगवून मोठी करता येत नाही आणि मोठी नुसती आवळून लहान करता येत नाही. प्रत्येक आकाराचा धर्म वेगळा असतो, आणि तो मोजूनच ओळखावा लागतो.

राईट बंधूंनी मोजण्याचे हे काम किती चिकाटीने केले, ते सर्वांनी लक्षात घेण्यासारखे आहे. १९०० आणि १९०१ साली त्यांनी किटी हॉकच्या वाळूवर नेलेली तरंगयाने अपेक्षेइतका भार उचलीनात. पूर्वसूरींच्या कोष्टकांवरून केलेला हिशेब जुळत नव्हता. दुसरा कोणी असता तर त्याने दैवाला दोष दिला असता. हे दोघे आपल्या सायकलींच्या दुकानात परतले आणि त्यांनी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी तयार केली. तिच्या एका टोकाने पंख्याचा वारा सोडावयाचा आणि आत पंखाचा छोटा नमुना टांगावयाचा, अशी ती योजना होती. अशा पेटीला वातविवर म्हणतात. आतला तराजू त्यांनी करवतीच्या पात्यांपासून व सायकलच्या तारांपासून बनविला. १९०१ च्या शेवटच्या महिन्यांत पत्र्याचे दीडशेहून अधिक नमुने त्यांनी ह्या पेटीत पारखले. प्रत्येकाची वक्रता निराळी, लांबी-रुंदी निराळी. आणि प्रत्येकाचा आकडा वहीत. त्या काही इंचांच्या पत्र्यांनी जे सांगितले ते १९०२ च्या तरंगयानाने खरे करून दाखविले, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्रचालित विमान पहिल्या उड्डाणात बारा सेकंदांत १२० फूट गेले. त्या वह्यांतील आकडे आजही कोणालाही तपासता येतात.

येथे मराठी वाचकाला मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे ह्यांचे नाव आठवल्यावाचून राहणार नाही. तळपदे ह्यांनी १८९५ साली, म्हणजे राईट बंधूंच्या आठ वर्षे आधी, गिरगाव चौपाटीवर मनुष्यरहित विमान उडविले अशी कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पारतंत्र्याच्या काळात एका मराठी माणसाने आकाशाकडे झेप घेण्याचे स्वप्न पाहिले, ही गोष्ट मनाला उभारी देणारीच आहे. त्या जिज्ञासेविषयी आदर बाळगावयास कोणाचीच हरकत नसावी. परंतु त्या यंत्राचे पंख किती फुटांचे होते, वजन किती होते, ते किती क्षण हवेत राहिले आणि ते कोणी मोजले, ह्याची विश्वसनीय समकालीन नोंद अभ्यासकांच्या हाती आलेली नाही. त्यांच्या नावाशी ‘वैमानिक शास्त्र’ ह्या ग्रंथाचाही संबंध जोडला जातो. तो ग्रंथ तळपद्यांचा नव्हे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्यातील वर्णनांची व आकृत्यांची छाननी केली. तेव्हा तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष निघाला. तळपद्यांची एक चोख प्रतिकृती, एक मापांसहित आकृती, किंवा आकड्यांची एक वही जरी मागे राहिली असती, तरी आज वाद न होता अभ्यास झाला असता. अभिमान बाळगावयाचा तर त्याखाली मोजमापाचा पाया हवा, हा धडा ह्या कथेतून घेण्यासारखा आहे.

प्रयोगशाळेतील हे मोजमाप शाळेच्या वर्गात कसे आले, त्याचीही एक हकीकत आहे. दुसऱ्या महायुद्धात आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखणे जीवन-मरणाचा प्रश्न होऊन बसले. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांना पाच लाख लाकडी प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले. प्रमाण तेच, १ : ७२. प्रतिकृती काळ्या रंगवावयाच्या, म्हणजे केवळ आकारावरून ओळख पटावी. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. मुलांना कापलेले साचे दिलेले असत. धडावर आणि पंखांवर साचा ठेवावयाचा आणि फट दिसली तर पुन्हा घासावयाचे. पंखाचे टोक चुकीचे गोलावले गेले तर तोफेवरचा सैनिक आपल्याच वैमानिकावर गोळी झाडील, एवढा त्या घासण्याला अर्थ होता. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेच्या शिक्षणात विमानांच्या प्रतिकृतींना जे स्थान आहे, तेही ह्याच विचाराने.

आता गोव्याकडे वळू. प्रतिकृतिकाराला मूळ विमान जवळून पाहण्याची संधी क्वचित मिळते; गोवेकरांना ती सहज उपलब्ध आहे. दाबोळीनजीक बोगमाळो येथे १९९८ साली उघडलेले नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तेथे अंगणात उभे असलेले सुपर कॉन्स्टेलेशन पाहावे. हे विमान मूळचे प्रवासी जातीचे. त्याच्या जातीची काही विमाने एअर इंडियाकडून हवाई दलाकडे व तेथून नौदलाकडे आली. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तेव्हा तेथे दोन मोठी पोर्तुगीज विमाने उभी होती, आणि खड्डे पडलेल्या पट्टीवरून ती रात्री निसटली. त्यांतील एक ह्याच सुपर कॉन्स्टेलेशन जातीचे होते. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सुमारे साडेसदतीस मीटर भरते. प्रतिकृतीत हे अंतर ५२ सेंटिमीटर होते. जात एक, पण पोर्तुगीज प्रवासी विमान घडवावयाचे की भारतीय नौदलाचे, ह्यावर रंग, चिन्हे आणि बाहेरची उपकरणे बदलतात. म्हणून सुरी हाती घेण्यापूर्वी प्रतिकृतिकाराला इतिहास उघडावा लागतो.

तेथलेच सी हॉक विमान आणखी एक धडा देते. १९७१ च्या डिसेंबरात ‘विक्रांत’ युद्धनौकेवरून उडून ह्या विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले केले. जेट विमान म्हटले की आगीचा झोत शेपटीतून बाहेर पडतो अशी आपली समजूत असते. सी हॉकचे तसे नाही. त्याचा झोत दुभागून पंखांच्या मुळाशी, धडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. समजुतीवर विसंबून जो घडवील तो शेपटीला भोक पाडील. जो जाऊन पाहील त्याचेच विमान खरे उतरेल.

हे सारे परदेशी संचांपुरते आहे, असे मात्र कोणी समजू नये. पेडणे-डिचोलीच्या हातांना ह्या शिस्तीची ओळख जुनी आहे. डिचोलीची पितळी समई घ्या. तिचे भाग वेगवेगळे घडवून एकावर एक बसवितात, आणि एक भाग किंचित तिरपा झाला तरी समई डुलते. चतुर्थीपूर्वी गावोगावच्या चित्रशाळांत गणपतीची माती वाळेपर्यंत कारागीर रंगाला हात लावत नाही. घाई केली तर तडा जातो, हे तेथले पोरही जाणते. तेरेखोलपलीकडे सावंतवाडीची चितार आळी आहे; तेथली लाकडी फळे पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडापासून करीत आले आहेत. आणि दिवाळीचा आकाशकंदील किंवा नाताळचा तारा? बांबूच्या कामट्या सारख्या तासून, जोड दोऱ्याने घट्ट बांधून त्यावर पातळ कागद ताणून चिकटविणे, हीच तर जुन्या उडत्या प्रतिकृतींची रचना. तेथे कामटीऐवजी बालसा नावाचे हलके लाकूड येते, एवढाच फरक. ज्याच्या आकाशकंदिलाच्या सहाही बाजू सारख्या येतात त्याच्या पंखाच्या बरगड्याही सारख्याच येतील.

उणीव आहे ती पट्टीची आणि वहीची. आपला कारागीर डोळ्याने मोजतो आणि त्याचे मोजणे त्याच्याबरोबर जाते. त्याच हाताशेजारी माप लिहून ठेवण्याची सवय बसली, तर त्याचे ज्ञान पुढच्या मुलाच्या हाती पडेल. तयार कंदील आणि तयार खेळणी ह्यांनी दुकाने भरली आहेत. त्यामुळे कामटी तासणारी बोटेही कमी होत चालली आहेत. मोपाच्या विमानतळावर उद्या यंत्रज्ञ लागतील, विमानांची देखभाल करणारे हात लागतील. ज्या पठाराने आपली कुरणे विमानांना दिली, त्याच्या भोवतीच्या गावांतील मुलांना तेथे केवळ प्रेक्षक म्हणून उभे राहावे लागू नये. त्यासाठी प्रत्येक शाळेत एक पट्टी, एक सुरी, थोडा सरस, एक वही, आणि सरस वाळेपर्यंत मुलांसोबत थांबणारे एखादे वडीलधारे माणूस, एवढ्याने आरंभ करता येईल.