शीग, सिगडी आणि पाल

चकली, कडबोळी आणि अनारसे यांच्या राज्यात शिगेवर भाजलेल्या मांसाची गोष्ट काढणे हे थोडे धाडसच म्हणायचे. परंतु शाकाहारी वाचकांनी पान उलटण्याची घाई करू नये. ही गोष्ट मांसाइतकीच विस्तवाची आहे, आणि विस्तवाभोवती वांगे, कणीस व कणकेचा गोळा यांनाही मानाची जागा आहे. शिवाय ती एका धंद्याची गोष्ट आहे. चार चाकांचा एक गाडा, वर कापडाचे छत आणि मध्ये धगधगती सिगडी एवढ्यावर माणूस जगाच्या बाजारात उभा राहतो, तो कसा, हे पाहण्यासारखे आहे.

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता लोहा मागे टाकून पुढे गेला की माळेगाव लागते. हे खंडोबाचे ठाणे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास येथे जी यात्रा भरते तिची कीर्ती मराठवाड्यापुरती राहिलेली नाही. घोडे, गाढवे, उंट आणि या भागाचे भूषण असलेले लालकंधारी बैल यांचा बाजार, देवस्वारी, कुस्त्यांचा फड, तमाशाचे तंबू आणि भटक्या जमातींच्या पंचायती, असा तो पसारा. लगेच येळवस येते आणि सारा मुलूख शेतात जेवायला जातो.

एवढ्या माणसांना खायला कोण घालीत असे? तर बैलगाडीतून भांडी, सरपण आणि पीठमीठ घेऊन आलेला माणूस. बैल सोडले की गाडी हेच त्याचे कोठार. तिच्या आडोशाला चार मेढी रोवून ताणलेले पाल हेच त्याचे दुकान. जमिनीत खणलेली चूल हा त्याचा मुदपाकखाना. आज परदेशातून आलेल्या मासिकांत गाडीमागे जोडायचा चाकांचा ओटा आणि वर घडीचे छत अशी जी खाद्यविक्रीची मांडणी चित्रांसह दाखवतात, तिचे आमच्या यात्रेतील नाव गाडा आणि पाल. लोखंड आले, रबरी चाके आली. योजना तीच राहिली.

आता विस्तवाकडे वळू. या भागातील देवाचे आणि माणसाचे खाणे निखाऱ्याशी जुने नाते सांगते. माळेगावच्या यात्रेच्या तीनेक आठवडे आधी चंपाषष्ठी येते. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. वांगे विस्तवात भाजायचे, कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या आरावर शेकायचे. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारे त्या दिवशी ते पुन्हा पानात घेतात. पुढे ज्वारी हुरड्यात आली की शेतात आगटी पेटते आणि कोवळी कणसे भाजून चोळली जातात. तेथे ताटाची गरज नाही, तव्याची नाही. देवाच्या दारी रोडगा, शेतात हुरडा आणि ज्यांना चालते त्यांच्या पालात शीग, ही एकाच आगीची तीन रूपे होत.

शिगेवर मांस भाजण्याची कला मुसलमानी अमदानीत आपल्याकडे आली, असा एक सरसकट समज आहे. तो अर्धाच खरा आहे. 'शीग' हा शब्द फारसी 'सीख'वरून आला आणि 'कबाब' हेही पाहुणे नाव. पण क्रिया त्याहून जुनी आहे. अमरकोशात शुळावर भाजलेल्या मांसाला 'शूल्य' आणि 'भटित्र' ही नावे दिलेली आहेत. 'भटित्र' वाचताच मराठी कानाला भरीत आठवावे, हेही गमतीचे. याहून मोठा पुरावा आपल्या शेजारीच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पहिल्या अर्धात 'मानसोल्लास' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, लातूर-उदगीरकडच्या माणसाला अगदी घरचे गाव. त्या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांसाचे तुकडे शुळाला टोचून, त्यांवर मसाला शिंपडून धगधगत्या निखाऱ्यांवर भाजण्याचे प्रकार राजाने बारकाईने सांगितले आहेत. राज्य चालविणाऱ्या माणसाला स्वयंपाकघराची एवढी माहिती असावी, याचे कौतुक वाटते.

पुढे निजामाच्या राजवटीत हैदराबादच्या दस्तरखानाची छाया मराठवाड्यावर पडली. उर्दू ही कचेरीची भाषा होती, आणि कचेरीच्या भाषेबरोबर बाजाराची भाषाही थोडी बदलते. जागेच्या कराला 'तहबाजारी' म्हणण्याची चाल त्याच काळाची खूण. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजवटी बदलल्या, पण तिन्हीसांजेला रस्त्याकडेला सिगडी पेटवून बसणाऱ्याचा दिनक्रम फारसा बदलला नाही.

जगात इतरत्र काय घडत होते? हैतीच्या परिसरातील ताइनो लोक लाकडी माचणावर मांस भाजीत. त्या माचणाचे 'बार्बाकोआ' हे नाव ओव्हिएदो या स्पॅनिश लेखकाने १५२६ साली नोंदवले आणि त्यातूनच आजचा 'बार्बेक्यू' शब्द निघाला. टेक्सासमध्ये चार्ल्स गुडनाइटने १८६६ साली लष्करी धाटणीच्या गाडीला मागे कपाटे जोडून गुराख्यांसाठी फिरता मुदपाकखाना तयार केला. १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा गृहस्थ घोड्याच्या गाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणे विकू लागला. (हा कादंबरीकार स्कॉट नव्हे!) गुराखी असो, छापखान्याचा कामगार असो की माळेगावचा बैलव्यापारी असो, घरापासून दूर असलेल्या भुकेल्या माणसाकडे चूलच चालत गेली.

आपल्याकडचे याचे नामांकित उदाहरण मुंबईचे. १९४६ साली मोहम्मद यासीन यांनी कुलाब्यात, ताजमहाल हॉटेलच्या मागच्या टुलक रस्त्यावर, शीग कबाबाची लहानशी मांडणी केली. ते उत्तर प्रदेशातून लहान वयात मुंबईस आलेले. त्यांच्या गुरूंनी दिलेल्या वीस रुपयांवर धंदा सुरू झाला, असे सांगतात. तीच पुढे 'बडे मियाँ' म्हणून प्रसिद्धीस आली. भव्य हॉटेलाच्या पाठीशी फुटपाथवरची सिगडी, आणि दोन्हीकडे गर्दी! पैसेवाला माणूसही रात्री मोटार उभी करून तेथे खाऊ लागला, यातच त्या निखाऱ्याची थोरवी आहे.

या धंद्याचे गणित वरवर सोपे दिसते. तव्यापेक्षा जाळी स्वस्त, दुकानापेक्षा गाडा स्वस्त, आणि जाहिरातीचा खर्च नाही, कारण निखाऱ्यावर चरबीचा थेंब पडला की उठणारा धूरच गिऱ्हाइकाला हाक मारतो. पण आत शिरले की कसब दिसते. खिमा पुरेसा बारीक नसला आणि त्यात चरबीचा अंश नसला तर तो शिगेवरून गळून विस्तवात पडतो. कच्च्या पपईतील पाचक रसाने मांस मऊ होते, पण ती जास्त झाली की मांसाचा लगदा होतो. कोळसा ज्वाळेत असताना शीग ठेवली तर बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. त्यावर राखेची पांढरी साय धरली की मगच भाजायचे. सिगडी वाऱ्याच्या दिशेने अशी मांडावी की ठिणगी पालाकडे न जाता मोकळ्या बाजूला जाईल. ज्याने हे ओळखले नाही त्याचे छत एका रात्रीत जाते. आणि न खपलेले मांस उद्यावर ठेवता येत नाही, म्हणून किती माल भरावा याचा अंदाज ही खरी विद्या. नवख्याने एकच जिन्नस चांगला करावा, असे जुने लोक सांगतात ते याचसाठी.

तरीही सर्वांत अवघड गोष्ट कोणती? ना मांस, ना विस्तव. उभे राहायला जागा! यात्रेत तहबाजारीची पावती फाडली की चार दिवस निर्धास्त. पण गावात रस्त्याकडेच्या गाडीवाल्याला 'आज उठ' म्हणणारे पुष्कळ असतात. हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीसाठी क्षेत्रे आखण्याचा मार्ग दाखविला. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर व्यापार करणे हाही, योग्य निर्बंधांसह, घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सांगितले. अखेर २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवू नये आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. त्या चाळीसांतही तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या आहेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने लहान विक्रेत्यालाही नोंदणी सांगितली. २०२० साली पथविक्रेत्यांसाठी विनातारण कर्जाची योजना निघाली, तिचा पहिला हप्ता दहा हजार रुपयांचा होता.

कायदा पुस्तकात असतो आणि गाडा रस्त्यावर असतो. दोहोंची गाठ पडायला वेळ लागतो. पण एवढे खरे की ज्या धंद्याला राजाने ग्रंथात जागा दिली, देवाने आपल्या यात्रेत जागा दिली, त्याला नगरपालिकेने रस्त्याच्या कडेला चार हात जागा द्यावी हे मागणे काही फार मोठे नाही. अशा गाड्यावर एखादे घर चालते, मुलांची फी भरली जाते आणि एखाद्याची पुढच्या वर्षी पक्के दुकान घ्यायची हिंमत होते.

दिवाळी सरली की मार्गशीर्ष फार दूर नसतो. माळेगावला जाणारांनी देवदर्शन घ्यावे, बैल पाहावेत आणि तिन्हीसांजेला पालांच्या रांगेतून एक चक्कर मारावी. शीग चालत नसेल तर भजी घ्यावी, चहा घ्यावा. मात्र पैसे देताना सिगडीमागच्या माणसाशी दोन शब्द बोलावे. त्याच्याजवळ या लेखात न मावलेला बराच इतिहास असतो.