संचलनाचा पोशाख : साडी की ब्लेझर?

४ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे उद्घाटन झाले. भारतीय पथकाच्या पुढे तिरंगा घेऊन पी. व्ही. सिंधू चालत होती. अंगात ब्लेझर आणि पँट. सहा वर्षांनी, २६ जुलै २०२४ रोजी, पॅरिसमध्ये सीन नदीतून जाणाऱ्या बोटीवर तिरंगा पुन्हा तिच्या हाती आला. सोबत टेबल टेनिसपटू शरत कमल होता. या वेळी सिंधू साडीत होती.

खेळाडू तीच आणि झेंडाही तोच, पण दोन्ही वेळा तिच्या कपड्यांवरून देशभर वाद झाला. पहिल्या वेळी लोक विचारत होते, साडी का सोडली? दुसऱ्या वेळी विचारत होते, अशी साडी का नेसवली? हा वाद वरवर फॅशनचा वाटतो. त्याचा इतिहास पाहिला तर तो बराच जुना आहे, आणि त्याचे काही धागे थेट आपल्या मुंबई-पुण्यापर्यंत येतात. मेळाव्याच्या निमित्ताने आपल्यातल्या खेळाडू मुली आणि त्यांना शिकवणाऱ्या बाई पुन्हा एकत्र येत आहेत, म्हणून हा विषय निवडला.

आधी २०१८ चे प्रकरण पाहू. त्यापूर्वी कित्येक वर्षे मोठ्या स्पर्धांच्या उद्घाटनाला भारतीय पुरुष ब्लेझर-पँटमध्ये आणि महिला साडीवर ब्लेझर घालून संचलन करत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या पिवळ्या साड्या आणि त्यावरचे गडद निळे ब्लेझर अनेकांना आठवत असतील. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेने जाहीर केले, की गोल्ड कोस्टला महिलाही पुरुषांप्रमाणे ब्लेझर आणि पँट घालतील. कारण साधे होते. खेळाडूंनीच तशी मागणी केली होती. साडी नेसायला वेळ लागतो, अनेकींना दुसऱ्याची मदत घ्यावी लागते आणि उद्घाटनाचा सोहळा चार-पाच तास चालतो.

यावर दोन्ही बाजूंनी मते आली. जुनी धावपटू अश्विनी नाचप्पा हिने निर्णयाचे स्वागत केले. दुसरीकडे, जगासमोर आपली ओळख सांगण्याची संधी आपण घालवली, अशी हळहळही व्यक्त झाली. ही हळहळ खोटी नव्हती. शेकडो ब्लेझरांच्या गर्दीत भारतीय पथक साडीमुळे दुरूनही ओळखू येत असे. परक्या देशात टीव्हीसमोर बसलेल्या आपल्या माणसांना त्या रंगांनी भरून येत असे. पण याच काळात आपले पुरुष खेळाडू वर्षानुवर्षे ब्लेझर आणि पँट घालत होते. कधी डोक्याला फेटा असे, एवढेच. त्यांच्या पँटमुळे संस्कृती बुडाली, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. राष्ट्रीय चळवळीच्या काळापासून आपल्याकडे पुरुषाने बाहेरच्या जगाचा वेश घ्यायचा आणि बाईने घराची, संस्कृतीची खूण अंगावर वागवायची, अशी एक वाटणी झाल्याचे इतिहासकार सांगतात. संचलनाच्या मैदानावर ती वाटणी अगदी ओळीने चालताना दिसत होती.

आता ‘परंपरा’ या शब्दाकडे वळू. संचलनात दिसणारी साडी, म्हणजे परकर, पोलके, पुढे निऱ्या आणि डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला पदर, ही नेसण्याची रीत आज साऱ्या भारताची मानली जाते. तिच्या घडणीत मुंबईचा मोठा वाटा आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. ते नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात आले आणि १८६४ मध्ये त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवीही इकडे आल्या. त्या काळी बंगालमधल्या घरंदाज स्त्रिया घरात जशी साडी नेसत, तशी ती नेसून चारचौघांत वावरणे अवघड होते. मुंबईत पारशी स्त्रियांची नेसण्याची पद्धत त्यांनी पाहिली, तिच्यात आपल्या सोयीने बदल केले आणि बंगालमध्ये परतल्यावर ती इतर स्त्रियांना शिकवली. म्हणजे आपण जिला प्राचीन समजतो ती रीत दीडशे-पावणेदोनशे वर्षांची आहे. एका बाईला घराबाहेर पडायचे होते, म्हणून तिने ती शोधली.

आपल्या आज्यांची नऊवारी याहून वेगळी. काष्टा मागे खोचला की पाय मोकळे होतात. शेतात लावणी करताना, डोंगर चढताना, फुगडी आणि झिम्मा खेळताना तिचा अडसर होत नाही. हालचालीच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हींपैकी मैदानाला जवळची साडी तीच. पण ‘भारतीय साडी’ म्हणून संचलनात गेली ती गोल नेसायची पाचवारी-सहावारी.

ब्लेझरही काही आभाळातून पडलेला नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा लेडी मार्गारेट बोट क्लब १८२५ साली निघाला. त्याचे नावाडी भडक लाल कोट घालत. आगीसारख्या त्या रंगावरून ब्लेझर हा शब्द आला, असे सांगतात. पुढे तो क्लबांचा, शाळांचा, मग देशांच्या संघांचा झाला. आपल्याकडे तर ‘इंडियाचा ब्लेझर मिळाला’ म्हणजे देशाकडून खेळला, असा अर्थच रूढ झाला. कोण्या विलायती कॉलेजातल्या नावाड्यांचा कोट आपण इतका आपला केला, की त्याच्या खिशावरचे बोधचिन्ह पाहून आईबापांच्या डोळ्यांत पाणी येते. तेव्हा एकीकडे अस्सल देशी आणि दुसरीकडे परके, अशी ही लढाई नाही. दोन्ही कपडे त्या त्या वेळच्या माणसांनी आपल्या गरजेने घडवलेले आहेत.

परदेशात भारतीय बाईने काय नेसावे, हा वाद मराठी घरात १८८३ सालीच झाला होता. आनंदीबाई जोशी त्या वर्षी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. तिथल्या थंडीत नऊवारीने पाय उघडे राहतात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायचे ठरवले. एवढ्याशा बदलावरूनही पती गोपाळराव नाराज झाले आणि तो विषय त्यांच्या पत्रव्यवहारात आला. १८८५ मधले फिलाडेल्फियाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. आज आपण ते छायाचित्र अभिमानाने पाहतो. पण त्या साडीसाठी तिला आपल्याच माणसांशी वाद घालावा लागला होता, हे छायाचित्रात दिसत नाही. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही. ती कशी नेसायची, हे मात्र त्यांनी स्वतः ठरवले.

हा मुद्दा हाती धरून खेळाच्या मैदानावर परत येऊ. २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघाने महिलांनी स्कर्ट किंवा ड्रेस घालूनच खेळावे, असा नियम आणला. खेळ आकर्षक दिसावा, हा हेतू. टीका इतकी झाली की तो आधी लांबणीवर पडला आणि २०१२ मध्ये सोडून द्यावा लागला. जुलै २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी आखूड पँट घातली, तर त्यांना १,५०० युरोंचा दंड झाला. त्याच वर्षी नियम बदलला. इथे तक्रार कपडे कमी असण्याची होती, आपल्याकडे नेसणे जास्त असण्याची. टोके दोन असली तरी दुखणे एकच : मैदानात उतरणार ती, आणि ठरवणार भलतेच कोणी.

पॅरिसचा वाद असा पाहिला की नीट उलगडतो. ११७ खेळाडूंच्या आपल्या पथकात ४७ महिला होत्या. पोशाख तयार केले तरुण ताहिलियानी यांनी, ‘तस्वा’ या ब्रँडकडून. ताहिलियानी मुंबईचेच. १९८७ मध्ये त्यांनी इथे ‘आँसाँब्ल’ हे दुकान काढले, तेव्हा डिझायनर हा शब्दसुद्धा आपल्याला नवा होता. पुरुषांना कुर्ता आणि बंडी, महिलांना पांढऱ्या साड्या, त्यावर तिरंग्याच्या रंगांत इकतसारखी नक्षी. टीका सुरू झाली ती या नक्षीवरूनच. इकतमध्ये सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात. इथे ती नक्षी छापलेली होती. ज्या देशात पोचमपल्ली, पाटण आणि संबलपूरचे विणकर आहेत, त्या देशाने विणकामाची छापील नक्कल जगासमोर न्यावी, हे अनेकांना खटकले. त्याच स्पर्धेत छोट्याशा मंगोलियाच्या हाताने भरतकाम केलेल्या पोशाखाचे जगभर कौतुक झाले, त्यामुळे तुलना आणखी बोचली. डिझायनरने माध्यमांतून आपली बाजू मांडली. वाद मात्र शमला नाही.

नेमके बोलली ती बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टा. तिचा मुद्दा कापडाच्या पलीकडचा होता. सगळ्याच मुलींना साडी नेसता येत नाही, मग आधीच चुण्या घालून शिवलेली साडी का दिली नाही? मुली अवघडलेल्या दिसत होत्या, ब्लाउज नीट बसत नव्हते, असे ती म्हणाली. साडी साऱ्यांना एका मापाची चालते, ब्लाउज चालत नाही. गोळाफेक करणारीचे खांदे, तिरंदाजी करणारीचे दंड आणि लांब पल्ल्याच्या धावपटूची शरीरयष्टी यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्या खांद्यांसाठीच तर ती तिथवर पोहोचलेली असते. तिचे माप न घेता कपडा शिवणे म्हणजे तिच्या मेहनतीकडे न पाहणे.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. २०२४ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षपदी पी. टी. उषा होती. हे पद मिळवणारी ती पहिली महिला. १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्यपदक शतांश सेकंदाने हुकले होते. म्हणजे ‘पुरुषांनी लादले’ एवढ्या एका वाक्यात हा प्रश्न मिटत नाही. खुर्चीवर खेळाडू बाई बसली तरी प्रत्येक मुलीला विचारण्याची, माप घेण्याची आणि वेळेवर शिवण्याची पद्धत वेगळी घडवावी लागते.

मित्रमैत्रिणींनो, हे सारे फक्त ऑलिंपिकचे नाही. आपल्या शारीरिक शिक्षणाच्या बाई आठवा. बी.पी.एड.ला असताना त्यांनी ट्रॅकसूटमध्ये धडे घेतले असतील. शाळेत मात्र पदर कमरेला खोचून, गळ्यात शिट्टी अडकवून त्या लांब उडीचा खड्डा खणून घेत, थाळीफेकीचा पवित्रा करून दाखवत. त्यांची साडी आम्हांला शिस्तीची खूण वाटे. त्या साडीत पवित्रा घेताना त्यांना किती सांभाळावे लागत असेल, हा विचार त्या वयात मनात येत नसे. मुलींचे संचलन पथक पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये आणि ओढणीच्या घडीला पिना लावून निघे. मुलांच्या पथकाला फक्त बुटांना पांढरे पॉलिश करायचे असे. क्रीडामहोत्सवाच्या सकाळी मुली पाऊण तास आधी येत, त्यातला निम्मा वेळ त्या पिनांत जाई. मग संचलन संपताच वर्गात जाऊन कपडे बदलून खो-खोच्या मैदानावर. आमच्या वर्गातल्या मुलींनी त्याची तक्रार केल्याचे आठवत नाही. त्यांना कोणी विचारल्याचेही आठवत नाही.

साडी की ब्लेझर, याचे उत्तर एकच असण्याची गरज नाही. जिला साडीत अभिमान वाटतो, तिला उत्तम विणलेली, तिच्या मापाच्या ब्लाउजची साडी मिळावी. जिला पँट बरी वाटते, तिने पँट घालावी. एकाच रंगात, एकाच काठात दोन्ही करता येतात, एवढी कारागिरी या देशात आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला मुंबईच्या मेरी डिसोझा आणि डॉली नाझीर गेल्या, तेव्हा सोबत कोलकात्याची अकरा वर्षांची आरती साहा होती. १९९२ मध्ये बार्सिलोनात शायनी अब्राहम-विल्सन ही ऑलिंपिक उद्घाटनात तिरंगा धरणारी पहिली भारतीय महिला ठरली. झेंडा हातात यायला चाळीस वर्षे लागली. कपड्याचा निर्णय हातात यायला त्याहून अधिक लागावीत, हे बरे नव्हे.

एक विनंती. शाळेच्या कपाटात जुन्या क्रीडामहोत्सवांचे फोटो आहेत. त्यांतल्या मुलींची नावे मागे लिहिलेली आहेत, ढालीचे वर्षही आहे. पोशाख कोणी ठरवला, कोणी शिवला, तो अंगावर कसा वाटत होता, हे कुठेही लिहिलेले नाही. मेळाव्याला येणाऱ्या जुन्या खेळाडूंनी आणि बाईंनी आपल्या आठवणी चार ओळींत का होईना, लिहून शाळेकडे द्याव्यात. पुढे कोणी या शाळेतल्या मुलींच्या खेळाचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याच्या हाती फोटोबरोबर त्यांचे म्हणणेही असेल.