वायुलहरींवरील उपासना

१९२३ च्या एप्रिल महिन्यांत इंग्लंडच्या राजाचा दुसरा पुत्र, यॉर्कचा ड्यूक, याचा विवाह लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत व्हावयाचा होता. नुकत्याच जन्मास आलेल्या बी. बी. सी. नें तो समारंभ ध्वनिक्षेपित करण्याची अनुज्ञा मागितली. ॲबेच्या धर्माधिकाऱ्यांनीं ती नाकारली. कारण मोठें मासलेवाईक होतें. दारूच्या गुत्त्यांत बसलेलीं माणसें डोक्यावरची टोपी न काढतां तो विधि ऐकतील! हिंदूंच्या कांहीं देवळांत डोकें झांकणें हा आदर. चर्चमध्यें पुरुषानें तें उघडें करणें हा.

या भीतीला हंसणें सोपें आहे. परंतु तिच्या पोटांत एक खरा प्रश्न दडलेला होता. ख्रिस्ती उपासना ही एकत्र जमलेल्या मंडळीची. गुडघे टेकणें, सर्वांनीं मिळून गाणें, एकाच भाकरीचा तुकडा वांटून घेणें, यांवांचून केवळ कानीं पडलेल्या शब्दांस उपासना म्हणावें काय?

अमेरिकेंत हा प्रसंग आधींच येऊन गेला होता. २ जानेवारी १९२१ रोजीं पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी चर्चमधील सायंकाळची उपासना के. डी. के. ए. केंद्रानें प्रक्षेपित केली. भाविकांचें चित्त विचलित होऊं नये म्हणून यंत्र सांभाळणाऱ्या दोघां इसमांना गायकवृंदाचे झगे चढविण्यांत आले. त्यांतला एक कॅथॉलिक, दुसरा यहुदी! प्रवचनाचें काम मुख्य धर्मोपदेशकांनीं दुय्यम सहकाऱ्याकडे सोंपविलें.

लंडनमध्येंहि फार काळ थांबावें लागलें नाहीं. ६ जानेवारी १९२४ रोजीं डिक शेपर्ड या धर्मोपदेशकानें आपल्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमधील उपासना बी. बी. सी. ला खुली केली. चर्चची पायरी चढण्याची शक्ति नसलेल्या रुग्णाच्या व वृद्धाच्या खाटेपाशीं प्रार्थना पोंचूं लागली, तेव्हां टोपीचा वाद आपोआप मागें पडला. भाकरीचा मात्र पडला नाहीं.

२०२० सालीं कोरोनाच्या साथीनें देशोदेशींच्या चर्चचीं दारें बंद झालीं आणि तो वाद उफाळून आला. त्या वर्षीं १२ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशीं, कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांची उपासना त्यांच्या निवासस्थानाच्या स्वयंपाकघरांतून प्रसृत झाली. घरोघर लोक मोबाइलच्या पडद्यापुढें बसले. पण पडद्यापुढें ठेवलेली आपल्या घरची भाकर त्या दूरस्थ प्रार्थनेनें पवित्र होते काय? अमेरिकेंतील कित्येक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीं होय म्हटलें. इंग्लंडच्या चर्चनें तें मानलें नाहीं. आणि रोमन कॅथॉलिक चर्चनें तर २००२ सालींच सांगून ठेविलें होतें कीं इंटरनेटवर संस्कार घडत नाहींत. शब्द तारेवांचून जातो, स्पर्श जात नाहीं, असा हा पक्ष. तो दुराग्रहाचा म्हणतां येणार नाहीं. तथापि कुलुपबंद शहरांत एकाकी मरणाऱ्या माणसास त्यानें काय द्यावें, हें सांगणें त्या पक्षासहि जड गेलें.

१९२३ च्या त्या वराची कन्या १९५३ सालीं त्याच ॲबेंत राज्याभिषिक्त झाली. त्या वेळीं दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांना आंत प्रवेश होता. तैलाभिषेक आणि प्रभुभोजन तेवढें दाखविलें नाहीं. पुढें ६ मे २०२३ रोजीं तिचा पुत्र त्याच ठिकाणीं बसला. जगभर हातोहातीं पडदे उजळले होते. तैलाभिषेकाची घटका आली, आणि राजाभोंवतीं भरतकाम केलेले कापडी आडपडदे धरण्यांत आले.